नव्याने बांधलेलं सहा सिलिंडरचं इंजिन : टकटक आवाज, आणि गरम झाल्यावर मिसिंग

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. इंजिन इनलाइन सिक्स, पेट्रोल. ब्लॉक बीडाचा, हेडही बीडाचं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, त्याच्या उंचवट्यांवर (लोब) टॅपेट, त्यावर पुशरॉड आणि वर व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर, एकूण १२ व्हॉल्व्ह. टॅपेट हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने मोकळीक आपोआप भरणारे), सपाट बुडाचे, रोलरवाले नाहीत. एक कार्बोरेटर आणि साधा डिस्ट्रिब्युटर. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४.

इंजिन पूर्ण उघडून बांधलं आहे. बोअर ओव्हरसाइझ, नवे पिस्टन-रिंग, कॅमशाफ्ट आणि टॅपेट दोन्ही नवे, पुशरॉड नवे पण कंपनी मापाचे. हेडला आणि ब्लॉकला फेसिंग मारलं, म्हणजे तोंड घासून सपाट केलं. व्हॉल्व्ह ग्राइंड केले, ते ज्यावर मिटतात त्या सीट कापल्या. पहिल्यांदा सुरू केल्यावर लगेच २००० आरपीएमवर नेऊन वीस मिनिटं तसंच चालवलं, आयडलिंगला सोडलं नाही.

आता तक्रार. थंड असताना पुढच्या बाजूने टकटक येते, टॅपेटसारखी. गरम झाल्यावर ती बरीच कमी होते, पण मग आयडलिंग बिघडतं. इंजिन हलतं, सायलेन्सरमधून फुस्स-फुस्स येतं, पिकअप मेलेला. व्हॅक्यूम गेजचा काटा आयडलिंगला १६ इंचावर असतो आणि ठरावीक अंतराने ३-४ इंच खाली येऊन परत जातो. प्लग, वायर, कॅप, रोटर बदलून झालं. हेड परत उघडायचं जिवावर आलं आहे. कुठून सुरुवात करू?

निवांत आयडलिंग

टॅपेट अ‍ॅडजस्ट करून घ्या. नवीन बांधलेल्या इंजिनात पहिल्या काही तासांत टॅपेट सैल होतातच.

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

@निवांत, अ‍ॅडजस्ट करायला काही नाहीच. प्रत्येक रॉकरला स्वतंत्र पेडेस्टल (बैठक) आहे, बोल्ट तळापर्यंत टॉर्कने कसायचा, झालं. स्क्रू नाही, लॉकनट नाही.

जुना पाना

धागाकर्ते, तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही त्यांना एकच धरून बसला आहात. एक थंडीत येते नि गरम झाल्यावर जाते. दुसरी नेमकी उलटी. दोन्हींचं कारण एकच असण्याची शक्यता कमीच.

आधी आवाज. थंड असताना येणारी आणि गरम होताच विरणारी टकटक पुष्कळदा टॅपेटची नसते, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) गॅस्केटमधून फुंकर सुटत असते. मॅनिफोल्ड तापून फुलतो, फट बुजते, आवाज बंद. इनलाइन सिक्सचा मॅनिफोल्ड लांबलचक, त्यामुळे पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरशी तो वाकडा होण्याची खोड जुनीच आहे. थंड इंजिन सुरू करून रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून फिरवा. लोखंडी सळई लावून ऐकू नका, धातूत आवाज इकडून तिकडे पळतो आणि माणूस चकतो.

खरंच टॅपेट आहे का हे बघायचं तर कव्हर काढून, मंद आयडलिंगला, रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये पातळ फीलर (फट मोजायची पत्री) सरकवा. ज्या व्हॉल्व्हवर आवाज बदलेल तो तुमचा. आणखी एक खूण : त्या सिलिंडरची प्लग वायर काढली तरी व्हॉल्व्हचा आवाज जसाच्या तसा राहतो. वायर काढल्यावर आवाज मंदावला तर ते काम वरचं नाही, खालचं आहे, म्हणजे गजन पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी) नाहीतर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. देव करो आणि ते नसो.

तेलकट हात

मला तर कॅम गेला असं वाटतंय. नवा फ्लॅट टॅपेट कॅम आणि आजकालचं ऑइल, या जोडीने किती इंजिनं खाल्ली आहेत. एपीआय एसएम ग्रेडपासून पुढच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमच्या वर ठेवता येत नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो म्हणून. फॉस्फरस कमी म्हणजे झेडडीडीपी (झीज रोखणारं झिंक-फॉस्फरसचं संयुग) कमी. लोब आणि टॅपेटच्या मध्ये जो बारीक थर टिकायला हवा तो टिकत नाही, आणि पहिल्या अर्ध्या तासातच लोबचं नाक गोल होऊन जातं.

सपाट टॅपेट खरं तर सपाट नसतो. त्याच्या बुडाला डोळ्याला न दिसणारा फुगवटा असतो आणि लोबला किंचित उतार. त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. फिरायचा थांबला की संपला. कव्हर काढून बघा, इंजिन चालू असताना सगळे पुशरॉड हळूहळू फिरताना दिसले पाहिजेत. जो गप्प उभा असेल त्याच्या खाली कबर खणली जात आहे असं समजा. ऑइल फिल्टर कापून कागद उलगडून बघा, चमकी दिसते का. आणि ऑइल कोणतं घातलंत?

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

ऑइल खास ब्रेक-इनचं, झिंक जास्त असलेलं. कॅमला मॉलिब्डेनमची पेस्ट लावली होती. फिल्टर कापतो आणि सांगतो.

वाचनमात्र

फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ आणि काटा "ठरावीक अंतराने" पडतोय म्हणता. एकाआड एक झटका येतो का, की दोन झटके जवळजवळ आणि मग मोकळी जागा? अगदी समान अंतराने येत असतील तर दोन सिलिंडर असे असावेत जे फायरिंगमध्ये एकमेकांच्या बरोब्बर समोर आहेत : १ आणि ६, २ आणि ५, किंवा ३ आणि ४. वेस्टेड स्पार्कवाल्या इंजिनात हीच तीन जोडपी एकेक कॉइल वाटून घेतात, म्हणून मी तिथे आधी कॉइलकडेच बोट दाखवलं असतं. तुमच्याकडे डिस्ट्रिब्युटर आहे म्हणजे तो रस्ता बंद.

फीलर गेज

चर्चा चांगली चालू आहे पण आकडे कुठे आहेत? सहा सिलिंडरचं कॉम्प्रेशन, थंड आणि गरम. सहाही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी चार्जरवर. मग कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा. त्यानंतर गरम इंजिनावर लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती टक्के गळते ते मोजायचं. लीकडाउनला पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला असू द्या, नाहीतर हवा क्रँक फिरवून टाकेल, पाना लावलेला असला तर हात तुटेल.

तोवर @तेलकट हात यांच्या शंकेचा निकाल याच आकड्यांतून लागेल, कसा ते सांगतो. लीकडाउन करताना दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. लोब झिजला असेल तर व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, पण मिटतो मात्र नीट. म्हणून झिजलेल्या इनटेक लोबचं सिलिंडर कॉम्प्रेशन कमी दाखवेल आणि लीकडाउन मात्र उत्तम देईल. एक्झॉस्ट लोब झिजला तर स्टार्टरवरचं कॉम्प्रेशनही बिघडलेलं दिसेलच असं नाही, तो चालत्या इंजिनात पकडावा लागतो. थोडक्यात : दोन्ही वाईट तर काहीतरी मिटत नाही. कॉम्प्रेशन वाईट, लीकडाउन चांगलं तर काहीतरी उघडत नाही, किंवा टायमिंग चुकलं आहे.

टायमिंग चेन एक दात चुकली असती तर सहाही सिलिंडर सारखे पडले असते. कॅमच्या चक्राला ४८ दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे साडेसात अंश, क्रँकचे पंधरा. काटा मग स्थिर राहून खाली बसतो, असा नाचत नाही.

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

आकडे घ्या. पीएसआयमध्ये, १ ते ६ क्रमाने.

थंड : १५४, १२८, १५२, १५६, १३०, १५३
गरम : १६५, ९५, १६२, १६७, १००, १६३
दोन नंबरमध्ये ऑइल घालून गरम : १०१. पाचात १०५.

लीकडाउन गरम : १, ३, ४, ६ मध्ये ८ ते १० टक्के. दोनमध्ये ४५, पाचात ४०. दोन्हीची हवा सायलेन्सरच्या नळीतून येते, हात लावला की कळते. ऑइलच्या झाकणातून नेहमीइतकीच.

@वाचनमात्र, बरोबर बोललात राव, २ आणि ५ च निघाले.

फिल्टर कापला. बारीक राखाडी गाळ आहे, मॉलिब्डेनम असावा. लोहचुंबकाला जवळजवळ काहीच चिकटलं नाही. थंड असतानाचे १२८ आणि १३० बघून मला वाटलं होतं रिंग बसायच्या आहेत अजून.

जुना पाना

ऑइल घालून पाच-सहा पीएसआय वाढले म्हणजे रिंग नव्हे. दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर बसत नाहीत, एवढं पक्कं. आता दोन संशयित. गाइड, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा जिच्यात सरकतो ती नळी, नवी घातली असेल आणि रीम करताना तंग ठेवली असेल तर दांडा तापल्यावर अडकतो. एक्झॉस्टला गाइड आणि दांड्यात पाच ते साडेसात शतांश मिमी मोकळीक तरी हवी. दुसरा संशयित, सीट किंवा व्हॉल्व्हचं तोंड नीट जुळलं नाही. दोन्हीसाठी हेड उतरवावं लागणार, कितीही जिवावर आलं तरी.

फीलर गेज

थांबा, थांबा. हेडच्या बोल्टला पाना लावायच्या आधी दहा मिनिटांची एक चाचणी आहे.

इंजिन गरम असताना दोन नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा, लीकडाउनची हवा जोडा, गळती बघा. मग हवा जोडलेली असतानाच फक्त एक्झॉस्टच्या रॉकरचा बोल्ट सैल करा, पुशरॉड बोटाने हलेल इतका. गळती होती तितकीच राहिली तर जुना पाना काका बरोबर : गाइड किंवा सीट, हेड उतरवा. गळती झटकन कमी झाली तर व्हॉल्व्ह, सीट, गाइड सगळे निर्दोष आहेत, वरून रॉकर त्याला दाबून धरतोय.

हायड्रॉलिक टॅपेट स्वतःहून मोकळीक भरून काढतो म्हणून लोक त्याच्यावर सगळं सोडून देतात. पण तो भरून काढणार किती? आतला प्लंजर एका मर्यादेतच खाली जातो. तळाला टेकला की तो हायड्रॉलिक राहत नाही, नुसता लोखंडाचा ठोकळा होतो. त्यावर कंपनी मापाचा पुशरॉड, आणि तुमचं इंजिन आता कंपनी मापाचं उरलेलं नाही.

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

केलं. दोन नंबर : ४५ वरून ११ टक्के, बोल्ट सैल केल्याक्षणी. फुस्स बंद. पाच नंबर : ४० वरून ९.

मानलं तुम्हाला.

तेलकट हात

माझा कॅम वाचला तर! पण मग फक्त दोनच का? फेसिंग तर अख्ख्या हेडला मारलं ना?

फीलर गेज

तोच खरा प्रश्न आहे. हिशेब मांडून बघू.

हेडला आणि ब्लॉकला जेवढं फेसिंग मारलं तेवढं रॉकर कॅमच्या जवळ आलं. पुशरॉडची लांबी तीच, म्हणजे तेवढा दाब (प्लंजर किती मिमी आत दबला ते) जसाच्या तसा टॅपेटवर वाढला. हेड गॅस्केट जुन्यापेक्षा पातळ असेल तर तो फरकही यातच. कॅम जुना ग्राइंड केलेला असता तर त्याचा बेस सर्कल (लोब सोडून उरलेला गोल भाग) लहान होऊन टॅपेट खाली बसला असता आणि थोडी भरपाई झाली असती, पण तुमचा कॅम नवा.

इथपर्यंत सहाही सिलिंडरांना सारखंच. फरक पडतो तो सीटमुळे. सीट खोल कापली की व्हॉल्व्ह तितका आत जातो आणि त्याचा दांडा वरच्या बाजूला तितकाच बाहेर येतो. रॉकरचं ते टोक वर, म्हणजे पुशरॉडचं टोक खाली. रॉकर रेशो (व्हॉल्व्हकडची हालचाल पुशरॉडकडच्या किती पट) १.६ असेल तर दांडा १ मिमी वर आल्यावर टॅपेटवर साधारण ०.६ मिमी दाब वाढतो. माझा अंदाज, २ आणि ५ च्या एक्झॉस्ट सीट जास्त खराब होत्या आणि जास्त खोल कापल्या गेल्या.

अंदाज पुरे, मोजा. त्या सिलिंडरला कॉम्प्रेशनच्या टॉपला आणा. रॉकर सैल करून अर्धा तास थांबा, प्लंजर आतल्या स्प्रिंगने वर येऊ द्या. मग बोल्ट बोटांनी फिरवत पेडेस्टल खाली आणा, पुशरॉड वर-खाली हलायचा थांबेपर्यंतच, टॅपेट दबू न देता. आता पेडेस्टल आणि हेडमध्ये जी फट आहे ती फीलरने मोजा. या फटीला टॅपेटचा दाब समजू नका. व्हॉल्व्हचं टोक जागच्या जागी असतं आणि रॉकर त्याच्याभोवती झुकतो, म्हणून पुशरॉडचं टोक फटीपेक्षा जास्त खाली जातं. १.६ रेशोला फटीला १.६२५ ने गुणायचं. बारा व्हॉल्व्हची बारा मापं घ्या. आणि एखादा टॅपेट असेल हाताशी तर प्लंजर एकूण किती दबतो तेही.

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

रेशो १.६ च आहे. दहा व्हॉल्व्हची फट १.५० ते १.५५. दोन आणि पाचचा एक्झॉस्ट मात्र १.८७. सेटमधला एक टॅपेट जादा आला होता, तो रिकामा करून डेप्थ गेजने मोजला : प्लंजर ३.० मिमी दबतो. पुस्तकात टॅपेटचा दाब ०.५ ते १.५ मिमी असावा असं दिलंय.

म्हणजे १.८७ गुणिले १.६२५ = ३.०४. तीन मिमी जागेत ३.०४!

मशीन शॉपच्या कागदावर हेड ०.५, ब्लॉक ०.४ असं लिहिलंय. गॅस्केट जुन्यापेक्षा ०.३ पातळ. सीटच्या खोलीचा कुठे उल्लेख नाही.

फीलर गेज

जुळलं. बाकी दहांवर २.४४ ते २.५२ मिमी, पुस्तकातल्या १.५ पेक्षा एक मिमी जास्त, पण तळाशी पोचले नाहीत म्हणून बिचारे गप्प आहेत. या दोघांचा प्लंजर टेकून वर चार शतांश उरले, रेशोने गुणले तर व्हॉल्व्ह सीटपासून सहा शतांश वर लटकलेला. थंडीत एवढ्यानेच कॉम्प्रेशन १२८ होतं. तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं पोलाद बीडापेक्षा जास्त फुलतं, दांडा लांबतो, फट वाढते, ९५. बरं झालं लवकर बघितलंत. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटमधून बाहेर टाकतो. सीटला टेकलाच नाही तर कडा जळायला फार वेळ लागत नाही.

निवांत आयडलिंग

मग पेडेस्टलखाली शिम घाला की. एक मिमीच्या आतबाहेरचे बारा वॉशर, पंधरा मिनिटांत काम फत्ते.

जुना पाना

शिमने दाब कमी होईल, कबूल. दीड मिमी कमी करायला ०.९२ ची शिम. पण पेडेस्टल उचलला की रॉकरचं नाक दांड्याच्या टोकावर दुसऱ्याच जागी घासायला लागतं. कडेला गेलं तर दांडा बाजूला रेटला जातो आणि गाइडची वाट. मी तरी दीड मिमी आखूड पुशरॉडच घेईन. दहा व्हॉल्व्हवर साधारण १.० राहील आणि त्या दोघांवर १.५४, म्हणजे मर्यादेच्या काठाच्या किंचित बाहेर. काहीही करा, टोकांना मार्करची शाई लावून हाताने इंजिन फिरवा आणि शाई कुठे पुसली जाते ते बघा. पट्टी अरुंद आणि मध्याजवळ हवी.

आणि एक गोष्ट कोणीच बोललं नाही. त्या दोन व्हॉल्व्हचा दांडा वर आला म्हणजे रिटेनरही (स्प्रिंग धरणारी वरची चकती) वर आला. स्प्रिंगची बसलेली उंची वाढली, ताकद घटली. स्प्रिंगचा रेट मिलिमीटरला ४० न्यूटन धरला तर १ मिमीला ४० न्यूटन गेले. आयडलिंगला कळणार नाही, वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगेल आणि व्हॅक्यूमचा काटा थरथरेल. स्प्रिंगखाली त्या फरकाच्या शिम घाला. हेड उतरवायची गरज नाही, सिलिंडरमध्ये हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचा आणि स्प्रिंग काढायची. कोलेट (रिटेनर दांड्यावर अडकवणारी बारीक पाचर) मात्र जपून, फडकी कोंबून ठेवा, उडून पुशरॉडच्या भोकात गेली तर तेलपात्र काढावं लागेल. शिम घातल्यावर पूर्ण उघडलेल्या स्थितीत स्प्रिंगच्या वेटोळ्यांत एकूण दीड मिमी तरी मोकळीक उरतेय ना, तेही तपासा.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक शंका : माझ्याकडे डॅटसन एल सिरीजचं सहा सिलिंडर आहे, कॅम वर, हायड्रॉलिक काही नाही. हेडला फेसिंग मारलं तर मलाही हे भोगावं लागेल का?

फीलर गेज

वेगळ्या वाटेने. तिथे कॅमच हेडवर असल्याने फेसिंगमुळे कॅम आणि व्हॉल्व्हमधलं अंतर बदलत नाही, चेन मात्र सैल पडते आणि कॅम मागे राहतो. पण सीट खोल कापली की दांडा तिथेही वर येतो. त्यावर रिटेनरमधले लॅश पॅड (दांड्याच्या टोकावरच्या चकत्या) बदलून जाडी जुळवायची आणि घासण्याची पट्टी रॉकरच्या मधोमध आणायची. जॅग्वारच्या एक्सके इंजिनात बकेटच्या (वाटीसारख्या टॅपेटच्या) खाली शिम असतात. वर काहीही असो, व्हॉल्व्ह ग्राइंड करून आणलेल्या हेडवर बारा दांड्यांची उंची पट्टी ठेवून मोजायला पाच मिनिटं लागतात.

सहा_एका_रांगेत (धागाकर्ता)

अपडेट. दीड मिमी आखूड पुशरॉड घातले, काचेवर लोळवून सरळ आहेत याची खात्री करून. टॅपेट जागचे हलवले नाहीत, जो ज्या लोबवर होता तिथेच. दोन स्प्रिंगांखाली १ मिमी शिम. शाईची पट्टी मध्याच्या किंचित इनटेक बाजूला, पण अरुंद. रॉकर कसल्यावर टॅपेट दबून तेल सोडेपर्यंत अर्धा तास क्रँकला हात लावला नाही.

गरम कॉम्प्रेशन : १६४, १५८, १६३, १६६, १६०, १६२. काटा १९ इंचावर स्थिर. व्हॉल्व्हच्या कडा जळल्या नव्हत्या असं आकड्यांवरून तरी दिसतंय.

थंडीतली टकटक अजून आहे. नळी लावून ऐकली, पहिल्या सिलिंडरशी मॅनिफोल्डचा वरचा स्टड. मॅनिफोल्ड उतरवून पट्टी ठेवली तर टोकाला ०.४ मिमीची फीलर आरपार जाते.

जुना पाना

०.४ ला नवीन गॅस्केट टिकणार नाही, मॅनिफोल्डला फेसिंग मारूनच घ्या. टोकाच्या स्टडची भोकं जरा मोठी करून घ्या म्हणजे तापल्यावर त्याला सरकायला जागा राहील. आणि फेसिंगवाल्याकडून किती काढलं ते या वेळी कागदावर लिहून घ्या.